औषधाचं दूध

“आज तरी लागू पडंल ना हो, डॉक्टर?” अलकावहिनींनी वासराची मान मांडीवर घट्ट धरत विचारलं.

“पडेल की. न पडायला काय झालं?” मी म्हणालो आणि सुईत औषध ओढून घेतलं.

धडधडीत खोटं बोलत होतो. ते औषध लागू पडणार नाही, हे मला आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारीच कळलं होतं. तसं सांगणारा कागद चार घड्या घालून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलेला होता आणि तोच शर्ट अंगात घालून मी त्या वासरापुढे उकिडवा बसलो होतो. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. पण ते वासरू अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं: काळंपांढरं, आठ दिवसांचं, शेपटीपासून खुरांपर्यंत पातळ पांढऱ्या हगवणीनं माखलेलं. माझ्या हातातल्या सुईकडेही त्याचं लक्ष नव्हतं.

मी रामनाथ वर्पे. हिवरखेडे आणि आसपासच्या पाच-सहा वस्त्यांवर मला गुरांचा डॉक्टर म्हणून ओळखायचे. खरं म्हणजे मी डॉक्टर नव्हे. दोन वर्षांची पदविका, तीही जेमतेम पास. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली मलमपट्टी करावी, लस टोचावी, एवढीच मला मुभा. पण देखरेख करणारे साहेब तालुक्याला आणि गाय अडलेली वस्तीवर, तर लोकांनी करायचं काय? मोटारसायकलला पेटी बांधून मी हिंडायचो. पहिली दोन वर्षं ‘अहो, डॉक्टर नका म्हणू’ असं म्हणत होतो. पुढं पुढं ते म्हणायचाही कंटाळा आला, आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला बरंही वाटायला लागलं.

गुंजाळांच्या गोठ्यात अकरा संकरित गाई होत्या. नवनाथ गुंजाळ दूध संघाचा टँकर चालवायचा, म्हणजे पहाटे जो घराबाहेर पडायचा तो दिवेलागणीलाच परत. गोठा सगळा त्याच्या बायकोच्या, अलकावहिनींच्या अंगावर. शेण काढणं, धारा, कडबा, वासरं, सगळं. सासू हौसाबाई गुडघ्यांनी थकलेली, ती ओट्यावर बसून तोंडानं गोठा सांभाळायची. दोन महिन्यांत त्यांची पाच वासरं हगवणीनं गेली होती. हे सहावं.

“वहिनी, तुमचे हात का तापलेत?” वासराचा पाय धरताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला, तेव्हा मी विचारलं.

“कणकण आहे दोन दिवस. लघवीला आग होतीय, कंबरही भरून आलीय. आठवा लागून वीस दिवस झाले, चालायचंच.”

“दवाखान्यात दाखवा.”

“संध्याकाळी हे आले की बघू. संध्याकाळची सुई मीच मारू ना? कालच्या बाटलीत निम्मं औषध आहे.”

“मारा,” मी म्हणालो.

त्या उठल्या, शेणाचे हात परकराला पुसले आणि तशाच पुढच्या गाईकडे वळल्या.

आता त्या औषधाचं सांगतो. नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला नुसतं ‘लाल झाकण’ म्हणायचो. जनावर कशानंही आजारी पडो, लाल झाकण टोचलं की दुसऱ्या दिवशी वैरणीला तोंड लावायचं. माझं नाव झालं ते त्या बाटलीच्या जिवावर. त्या वर्षी गुंजाळांच्या गाईंना एकामागून एक दगडी झाली. सड सुजायचे, दुधात गाठी यायच्या. मी लाल झाकण टोचत गेलो. औषध चालू असलेल्या गाईचं दूध संघ घेत नाही, यंत्रावर लगेच पकडतात. तेव्हा पहिल्याच दिवशी अलकावहिनी भरलेली बादली घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या होत्या.

“हे ओतून देऊ का, डॉक्टर? माझा तर हात होत नाही.”

“ओतून कशाला देता? वासरांना पाजा.”

“चालतं?”

“चालतं,” मी म्हणालो होतो.

मी हे घरोघरी सांगायचो. आमच्याकडे सगळीकडे तसंच करतात. दूध उकिरड्यावर ओतणं म्हणजे घरच्या लक्ष्मीला लाथ मारणं, ते कुणाच्या हातून व्हायचं नाही. मग आठ महिने गुंजाळांची वासरं ते औषधाचं दूध पीत राहिली. आणि ती हगायला लागली की मी त्यांनाही लाल झाकणच टोचायचो. सकाळची सुई माझी. संध्याकाळसाठी बाटली ठेवून जायचो, ती सुई वहिनी मारायच्या. मीच शिकवलं होतं त्यांना, आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

चौथं वासरू गेलं तेव्हा मला शंका आली. पशुवैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत माझा एक मित्र होता, त्याच्याकडे मी गुपचूप शेणाचा नमुना पाठवला. गुरुवारी कागद आला. वर गुंजाळांचं नाव, त्याखाली ‘उपचार करणारे: रामनाथ वर्पे’, आणि खाली अकरा औषधांची यादी. प्रत्येक नावापुढे एक इंग्रजी अक्षर. आर म्हणजे हे औषध या जंतूला मारत नाही, एस म्हणजे मारतं. लाल झाकणापुढे आर होता. वरच्या आठांपुढे आर होता. तळाच्या तिघांपुढे तेवढा एस.

“अरे, काय पाळून ठेवलंयस तिथं?” मित्रानं फोनवर विचारलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी गुंजाळांकडे गेलो तो हे सांगायलाच. गेलो, वहिनींनी विचारलं, आणि माझी जीभ रेटली नाही. ‘आठ महिने मी तुमच्या गुरांना नुसतं पाणी टोचत होतो’ असं कसं सांगायचं? सोमवारी दुसरं औषध घेऊन येऊ, मग हळूच सांगू, असं मनाशी ठरवलं आणि सुई मारून निघालो.

शनिवारी दुपारी बाराला परत गेलो, तर वासरू पोत्याखाली झाकलेलं होतं. ओट्यावर हौसाबाई एकट्याच.

“अलकाला काल तिन्हीसांजेलाच तालुक्याला नेली,” त्या म्हणाल्या. “थंडी वाजून दात वाजत व्हते तिचे. मला ओळखंना सुदिक. तुम्ही जाऊन येता का हो, डॉक्टर? नवनाथला तिथलं बोलनं कळायचं न्हाई. तुम्ही डॉक्टरकीतले.”

मी गाडी वळवली. वाटेत काही विचार केला असेल तर मला आठवत नाही. गाडी मात्र कधी नव्हे इतकी जोरात मारली.

दवाखान्याच्या बोळात नवनाथ बाकावर बसला होता. मांडीवर औषधांची प्लास्टिकची पिशवी.

“बरं झालं तुम्ही आलात, डॉक्टर. मला काही सुधरंना. हे बघा जरा. चांगलंच औषध चालू आहे ना?”

त्यानं पिशवी उघडून धरली. मी एक रिकामी बाटली उचलली. झाकण पांढरं होतं. लेबल माणसांच्या औषधाचं, स्वच्छ छापलेलं. लांबलचक नाव तेच.

मी बाटली परत पिशवीत टाकायला गेलो, तर ती पिशवीच्या बाहेर पडली आणि बाकाखाली गडगडत गेली.

तेवढ्यात आतून डॉक्टर शुभांगी ठकार आल्या. पन्नाशीच्या, उंच, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं दुसरीकडे बघायची हिंमत करू नये.

“नवनाथ, नीट ऐका. लघवीचा जंतुसंसर्ग मूत्रपिंडात गेला आणि तिथून रक्तात. ताप एकशेचारच्या खाली यायला तयार नाही आणि रक्तदाब घसरतोय. पोटातलं बाळही त्रासात आहे.”

“पण औषध चालू आहे ना, मॅडम?”

“चालू आहे, आणि चांगलं आहे. एव्हाना उतार पडायला हवा होता. तिचं रक्त आणि लघवी तपासायला पाठवलीय. नक्की कुठलं औषध चालेल ते सोमवारी कळेल.”

“सोमवारी?”

“जंतू वाढवून बघावे लागतात, आपल्याला घाई आहे म्हणून ते लवकर वाढत नाहीत.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “चार वाजेपर्यंत वाट बघते. नाहीतर नाशिकला हलवावं लागेल. पण या अवस्थेत गाडीत घालायचं म्हणजे वाटेत काय होईल, मी सांगू शकत नाही. दोघांचंही.”

त्या आत गेल्या. नवनाथनं माझ्याकडे पाहिलं.

“डॉक्टर, सोमवारपर्यंत राहील का हो ती?”

“मी आलोच,” म्हणून मी बाहेर पडलो.

सोमवारी जे कळणार होतं, ते सांगणारा कागद आधीच माझ्या खिशात होता. दवाखान्याच्या मागे सायकली लावायची जागा होती, तिथं जाऊन मी तो उघडला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. कागद आत नेऊन द्यायचा, यात शंका नव्हती. एवढा काही मी नीच नव्हतो. पण वर माझं नाव होतं. ठकार बाई विचारणार, हे कोण वर्पे? यांना ही औषधं टोचायचा अधिकार आहे का? मग तक्रार, मग चौकशी, मग पेटी कायमची खुंटीला. आणि नवनाथ तिथंच उभा असणार. त्याच्या बायकोला मरणाच्या दारात नेऊन बसवणारा माणूस त्याच्या शेजारी उभा आहे, हे त्याला माझ्यासमोर कळणार.

मी तिथं येरझारा घालत राहिलो. मग कागदाच्या वरची दोन बोटांची पट्टी, गुंजाळांच्या नावासकट आणि माझ्या नावासकट, घडी घालून नखानं दाबून सरळ फाडली, तिचे तुकडे केले आणि गटारात टाकले. घड्याळात दीड वाजला होता. वीस मिनिटं मी माझ्यासाठी घेतली. ती माझी नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

“मॅडम, ते औषध तिला चालणार नाही,” मी ठकार बाईंच्या खोलीत शिरत म्हणालो.

“आपण कोण?”

“गुरांचं बघतो. हा त्यांच्या गोठ्यातल्या वासराच्या शेणाचा अहवाल आहे.”

कागद हातात घेऊन त्यांनी एकदा वरून खाली वाचला, मग बोट ठेवून पुन्हा वाचला.

“वरून फाटलाय.”

“पेटीत राहून फाटला.”

“वासराच्या पोटातला जंतू आणि हिच्या रक्तातला जंतू एकच आहे, असं तुम्ही कशावरून म्हणता?”

“तसं म्हणण्याएवढं माझं शिक्षण नाही, मॅडम. पण त्या वासरांची हगवण रोज तिच्या हातांवर असते. हेच औषध टोचून टोचून पाच वासरं गेली. सहावं आज गेलं.”

त्या खुर्चीत मागे टेकल्या. टेबलावर बोटं वाजवत राहिल्या. बाहेर कुणीतरी सिस्टरना हाका मारत होतं.

“जंतू एकच असायला हवा असंही नाही,” त्या म्हणाल्या, अर्धं माझ्याशी आणि अर्धं स्वतःशी. “औषध पचवायची युक्ती जंतूजवळ एका छोट्याशा तुकड्यावर लिहिलेली असते. त्याची नक्कल तो शेजारच्या जंतूला देतो. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी देतो. शेजारीण विरजण मागून नेते ना, तसं. तिचंही दही लागतं, आपलंही कमी होत नाही. आतड्यात तर सगळे खेटून बसलेले. त्यात रोज थोडं थोडं औषध पोटात जात राहिलं, तर विरजण मिळालेले तेवढे जगतात आणि बाकीचे मरतात. रोज जात होतं का वासरांच्या पोटात?”

“दुधातून. औषध चालू असलेल्या गाईंचं दूध पाजायचे.”

“कोण पाजायचं?”

“घरचेच.”

“आणि ही इंजेक्शनं? ती कोण द्यायचं?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “अलकावहिनीच टोचायच्या. मेडिकलमधून बाटल्या आणून.”

“स्वतःच्या मनानं?”

मी मान हलवली. तोंडानं ‘हो’ म्हणालो नाही, असं पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो. कशाला? मान काय परक्याची होती?

ठकार बाईंनी फोन उचलला. “सिस्टर, गुंजाळचं चालू इंजेक्शन बंद करा. मी सांगते ते लिहून घ्या. आपल्याकडे नसेल तर चौकातल्या दुकानातून पाच मिनिटांत मागवा. पाच म्हणजे पाच.” त्यांनी सांगितलेलं नाव माझ्या कागदाच्या तळाशी होतं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “हा डाव अंदाजाचा आहे. चुकला तर माझ्यावर येईल.”

चुकला नाही. रविवारी सकाळी वहिनींना कळा सुरू झाल्या आणि सव्वा महिना आधीच मुलगी झाली. दोन किलोला थोडी कमी, पण जन्मल्याबरोबर रडली. दुपारी वहिनींचा ताप पहिल्यांदा शंभरच्या खाली आला. सोमवारी दवाखान्याचा कागद आला, तर तीच यादी, तेच आर, तेच एस. ठकार बाईंनी भर बोळात पाच-सहा माणसांपुढे मला नमस्कार केला.

“वासरांकडूनच आलं, असं छातीठोक मी सांगू शकत नाही,” त्या नवनाथला म्हणाल्या. “पण यांनी तो कागद आणला नसता, तर सोमवारपर्यंत ती राहिली नसती. आणि एक सांगते, घरच्या घरी मनानं सुया मारणं बंद करा. तुमची बायको मरता मरता वाचलीय त्या नादात.”

“म्हंजे हे समदं हिनंच केलं?” हौसाबाईंनी कपाळाला हात लावला. “सहा वासरं हिच्या हातानं गेली? आन् सोताचाबी जीव घालवीत व्हती? डॉक्टर, तुम्ही देवासारखे आलात बघा.”

नवनाथ तर माझ्या पायाच पडायला लागला. मी त्याला वर ओढला आणि म्हणालो, “असं करू नको रे.” त्याला वाटलं, मी नम्र आहे. दोन दिवसांत सगळ्या वस्त्यांवर झालं की वर्पे डॉक्टरांनी गुंजाळांच्या सुनेचा जीव वाचवला. चहाला बोलावणी आली. मी एके ठिकाणी गेलोसुद्धा.

मला धाकधूक होती ती एकच. अलकावहिनी शुद्धीवर आल्यावर बोलणार. त्यांना तर सगळं माहीत होतं. मंगळवार गेला, कुणीच काही म्हणालं नाही. बुधवारी सकाळी नवनाथचा फोन आला तेव्हा मला वाटलं, झालं, आता आपलं भरलं.

“डॉक्टर, तुम्ही येऊन सांगा तिला. तुमचं ऐकंल ती. पोरीला अंगावर घेईना झालीय. दूध पिळून भांड्यात काढती आणि मोरीत ओतून द्यायला लावती. पोरीला पावडरचं पचंना, उलट्या करती, पोट फुगतंय. मॅडम म्हणत्यात, ही पावडर हिला मानवायची नाही, आणि आईनं आणखी दोन दिवस असंच केलं तर दूध आटंल.”

आटणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. कास पुरती उपसली नाही की चार-पाच दिवसांत गाय आटायला लागते, आणि बाईचं दूध नुसतं हातानं पिळून पुरतं निघत नाही. रविवारपासून चौथा दिवस चालू होता.

मी पोचलो तेव्हा बोळातल्या बाकावर हौसाबाई, नवनाथ, वहिनींचा भाऊ आणि गावाकडून बघायला आलेल्या दोन बायका बसल्या होत्या. खोलीत वहिनी एकट्याच, उशीला टेकून. चेहरा हाडांवर आला होता. शेजारच्या पाळण्यात ती एवढीशी पोर बारीक आवाजात रडत होती. रडता रडता थकायची, थांबायची, परत सुरू करायची. मी दार लोटून घेतलं.

“वहिनी, पोर भुकेली आहे.”

“माहीत आहे मला.”

“मग घ्या ना तिला. ठकार मॅडम म्हणतात, चालतं. तुमचं औषध दुधात फारसं उतरत नाही, आणि तिला आत्ता आईचंच दूध हवंय.”

“चालतं,” त्या म्हणाल्या. “वासरांनाही चालतंच म्हणून पाजलं होतं.”

मी पाळण्याचा गज धरला.

“मी रोज सकाळी बादलीतलं बोट वासराच्या तोंडात द्यायची, डॉक्टर. ती कशी लुचायची माहीत आहे ना तुम्हाला? ज्यांनी ज्यांनी ते बोट चोखलं ती सगळी गेली. माझ्या हातात सुया बरोबर पडत नसतील. मधे एक-दोनदा वासरू बरं दिसलं म्हणून मी उरलेलं औषध दुसऱ्यासाठी ठेवलं. आत्याबाई म्हणतात, सहा वासरं माझ्या हातानं गेली, ते खरंच आहे. आता या हातानं हिला काही पाजायला मला धीर होत नाही.”

“तुम्ही मॅडमना का नाही सांगितलं, की सुया मारायला मी सांगितलं होतं?”

त्यांनी माझ्याकडे खरोखर आश्चर्यानं पाहिलं. “तुम्ही धावत तो कागद घेऊन आलात म्हणून मी जिवंत आहे. तुमचं नाव मी कशाला घालवू?”

आतापर्यंत मी स्वतःला निभावून नेलं होतं, पण इथं मला रडू फुटलं. चाळिशीचा बाप्या, पाळण्याचा गज धरून उभा, नाक पुसतोय. वहिनी घाबरल्या.

“डॉक्टर, काय झालं?”

“कागद मला गुरुवारीच आला होता,” मी म्हणालो. “शुक्रवारी तुम्ही वासराला धरून बसलात तेव्हा तो माझ्या खिशात होता. औषध चालत नाही, हे ठाऊक असून मी सुई मारली. तुम्हाला ताप होता, तुम्ही त्या हगवणीत हात घालून बसला होता, आणि मी गप्प बसलो. तेव्हाच तुमच्या हातात कागद दिला असता, तर तो तुमच्याबरोबर दवाखान्यात आला असता.”

त्या ऐकत होत्या. पोर रडत होती.

“मात्रा मी ठरवली. दूध पाजायला मी सांगितलं, तेही नुसतं ऐकीव, त्यानं पोटात काय होतं ते न कळता. आणि शनिवारी कागदावरचं माझं नाव फाडून टाकलं आणि बाईंना सांगितलं, अलकावहिनी मनानंच टोचतात. तुमच्या हाताला दोष नाही, वहिनी. माझं ‘चालतं’ अडाण्याचं होतं. ठकार बाई तपासून, बघून सांगताहेत. त्यांचं ऐका. माझं ऐकलंत तेवढं बस्स झालं.”

पांघरुणाची कड बोटात धरून त्या पीळ देत राहिल्या. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“सहा वासरं,” त्या शेवटी म्हणाल्या. “आत्याबाई सोमवारपासून पोरीला माझ्याजवळ देताना हात आखडून देतात. सगळ्यांदेखत म्हणाल्या, हिच्या हाताला अपेश आहे. माझा भाऊ खाली मान घालून ऐकत होता.”

“माझी चूक झाली, वहिनी.”

“हे मला का सांगताय? मी काय करू याचं? बाहेर बसलेत त्यांना सांगा.”

“सांगतो. तुम्हाला घरी सोडलं की मी स्वतः येतो, नवनाथला बाजूला घेऊन—”

“आत्ता,” वहिनी म्हणाल्या. “सगळ्यांना. पोर भुकेली आहे माझी.”

मी दाराशी गेलो.

“दार उघडं ठेवा,” त्या मागून म्हणाल्या. “मला ऐकू आलं पाहिजे.”

मी दार सताड उघडलं. हौसाबाईंनी लगेच सरकून बाकावर जागा केली.

“या, डॉक्टर. ऐकलं का तिनं? लई हट्टी पोरगी हाये.”

“मावशी, मला बोलायचंय. नवनाथ, तूही ऐक.” माझा आवाज मलाच परका वाटत होता, म्हणून मी तो मुद्दाम चढवला. समोरच्या खोलीतल्या दोन-तीन माणसांनीही माना वळवल्या. “अलकावहिनींनी स्वतःच्या मनानं एकही सुई मारलेली नाही. बाटल्या मी द्यायचो. किती टोचायचं ते मी सांगायचो. औषधाचं दूध वासरांना पाजा, हेही मीच सांगितलं. त्यांनी मला विचारलं होतं, ओतून देऊ का? मी नको म्हणालो.”

“काय बोलताय तुम्ही?” हौसाबाई म्हणाल्या.

नवनाथ सावकाश उठून उभा राहिला. त्याच्या हातातला चहाचा कप तिरपा झाला होता आणि चहा त्याच्या चपलेवर सांडत होता, ते त्याच्या लक्षात नव्हतं. वहिनींच्या भावानं मान वर केली.

“मला परवाना नाही तसली औषधं टोचायचा. आणि औषध लागू पडत नाही, हे मला गुरुवारीच कळलं होतं,” मी म्हणालो. “कागद खिशात होता माझ्या. शुक्रवारी मी तुमच्या गोठ्यात—”

फाडलेल्या पट्टीचं अजून सांगायचं होतं. तेवढ्यात आतलं रडणं थांबलं. वळून पाहिलं, तर पाळणा रिकामा होता आणि पोर वहिनींच्या पदराखाली लुचत होती.